डिस्कची वाटणी आणि शब्दांचा घोटाळा

एकाद्या शास्त्राची भाषा अवघड असली म्हणून फारसें बिघडत नाहीं. ज्याला तिची गरज असेल तो ती शिकतो, आणि ज्याला नसेल तो तिच्या वाटेला जात नाहीं. खरा धोका असतो तो सोप्या दिसणाऱ्या भाषेचा. तिच्यांतले शब्द आपल्या ओळखीचे वाटतात. अर्थ मात्र आपण समजतों त्याहून निराळा, केव्हां केव्हां तर नेमका उलटा असतो. संगणकाच्या डिस्कची वाटणी करतांना माहितीपुस्तिकांत आणि पडद्यावर जे शब्द भेटतात ते या दुसऱ्या जातीचे आहेत. पार्टिशन, ड्राइव्ह, व्हॉल्यूम, प्रायमरी, सिस्टिम, बूट – यांतील एकहि शब्द कानाला परका नाहीं, आणि एकहि शब्द भरंवशाचा नाहीं. आज या शब्दांचा थोडा उलगडा करावा असें मीं योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाहीं. काळाचौकी, लालबाग, परळ या आपल्या भागांतील कितीतरी घरांत आज संगणक आहे. कोणाचा नवा, तर कोणाचा लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून, जुना म्हणून घेतलेला. ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि आपल्या जुन्या यंत्रावर नवी प्रणाली घालावी कीं काय, हा विचार अनेक घरांत सुरू झाला. घरांतला कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी हें काम अंगावर घेते. पहिले दोनतीन प्रश्न सुरळीत पार पडतात, आणि मग पडद्यावर एक यादी उभी राहते. चारपांच ओळी, प्रत्येकीपुढें कांहीं आंकडे, एकदोन अनोळखी शब्द. आणि खालीं विचारणा, कीं नवी प्रणाली यांपैकीं कोठें घालूं? शेजारींच ‘डिलीट’ आणि ‘फॉरमॅट’ अशीं दोन बटनें. त्या डिस्कवर बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें असतात, सोसायटीचा दहा वर्षांचा हिशेब असतो, आणि गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठीं आजोबांचे जे कागद मिळवितांना चपला झिजल्या त्यांच्या प्रतीहि असतात. एका शब्दाचा अर्थ चुकला तर हें सारें एका क्षणांत जाऊं शकतें. म्हणून हे शब्द नीट समजून घेतले पाहिजेत.

प्रथम ‘पार्टिशन’ हाच शब्द घेऊं. आपल्या भागांत हा शब्द केव्हांच मराठी होऊन बसला आहे. बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत दोन भावांचे संसार मांडावयाचे म्हणजे मध्यें लांकडाचें किंवा प्लायवुडचें पार्टिशन घालावें लागे. तेव्हां आपल्या बोलण्यांत पार्टिशन म्हणजे मधला आडोसा. त्याच्या अलीकडची किंवा पलीकडची जागा नव्हे. पार्टिशन काढलें तर खोली मोठी होते, आणि कोणाचें कपाट जागचें हालत नाहीं.

संगणकाच्या भाषेंत याच्या अगदीं विरुद्ध आहे. तेथें पार्टिशन म्हणजे आडोसा नव्हे, तर आडोशानें वेगळी झालेली जागा. डिस्कचीं तीन पार्टिशनें आहेत याचा अर्थ तीन भिंती आहेत असा नसून तीन खोल्या आहेत असा होतो. आतां हा फरक ज्याला ठाऊक नाहीं त्यानें ‘डिलीट पार्टिशन’ हे शब्द वाचले, तर तो सरळ मनानें असें समजेल कीं मधली फळी काढून दोन लहान जागांची एक मोठी जागा होणार आहे, आणि सामान जेथल्या तेथें राहणार आहे. प्रत्यक्षांत तो फळी काढीत नसून एक खोली सामानासकट नोंदींतून काढून टाकीत असतो. मराठींत या शब्दासाठीं कांहीं ठिकाणीं ‘विभाजन’ असा प्रतिशब्द वापरतात. त्यांतहि अडचण आहेच, कारण विभाजन ही क्रिया झाली, वस्तु नव्हे. माझ्या मतें ‘वाटा’ हा शब्द अधिक सरळ आहे. वाटणी ही क्रिया, आणि वाटणींतून जो मिळतो तो वाटा. हा भेद आपल्या भाषेंत पूर्वींपासून आहे आणि घराघरांतून तो सर्वांना समजतो.

मग हा वाटा डिस्कवर असतो तरी कसा? डिस्कवर खरी भिंत कोठेंच नसते. डिस्क म्हणजे लहान लहान कप्प्यांची एक लांबच लांब ओळ. प्रत्येक कप्प्यांत परंपरेनें ५१२ बाइट, म्हणजे सुमारें तितकींच इंग्रजी अक्षरें मावतात, आणि प्रत्येक कप्प्याला एक क्रमांक असतो. अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतचे कप्पे हा पहिला वाटा, तेथून पुढचे हा दुसरा, अशी एक नोंद डिस्कच्या आरंभींच्या कप्प्यांत लिहून ठेवलेली असते. कोंकणांतून किंवा घाटावरून मुंबईस आलेल्या कुटुंबांना ही गोष्ट सांगावी लागणार नाहीं. जमीन एकसलगच असते. कोणाचा हिस्सा कोठून कोठपर्यंत हें कळतें तें सातबाऱ्यावरून. पार्टिशनांचा तक्ता हा डिस्कचा सातबारा होय.

ही उपमा आणखी एका कारणानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतांतलीं झाडें त्याच क्षणीं मोडून पडत नाहींत. त्याचप्रमाणें पार्टिशन डिलीट केलें म्हणजे बहुधा फक्त नोंद पुसली जाते; आंतला मजकूर कप्प्यांत तसाच पडून असतो. पण ती जागा आतां मोकळी म्हणून नोंदलेली असल्यामुळें संगणक तिच्यावर केव्हांहि दुसरें कांहीं लिहूं शकतो. एकदां दुसऱ्यानें तेथें घर बांधलें, कीं आपलीं झाडें गेलीं तीं गेलींच. चुकीनें नोंद पुसली गेल्यावर पुढें काय करावें, याचें उत्तर या एका गोष्टींत आहे. तें मी शेवटीं सांगणार आहें.

आतां ‘प्रायमरी’, ‘एक्सटेंडेड’ आणि ‘लॉजिकल’ या तीन शब्दांकडे वळूं. यांचा उगम १९८३ सालांत आहे. त्या वर्षीं आय. बी. एम. कंपनीनें ‘एक्स. टी.’ हा संगणक विक्रीस आणला. त्यांत दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि तिच्यासाठीं ‘डॉस’ प्रणालीची दुसरी आवृत्ति होती. डिस्कच्या पहिल्या कप्प्यांतील ५१२ बाइटांपैकीं ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या लहानशा आज्ञावलीकडे गेले, दोन बाइट शेवटच्या खुणेकडे गेले, आणि वाटणीच्या तक्त्यासाठीं राहिले ६४. एका नोंदीस लागत १६. म्हणजे नोंदी चारच! डिस्कचे चारांहून अधिक वाटे कां होत नाहींत, या प्रश्नाचें उत्तर इतकें साधें आहे. वहींत ओळीच चार होत्या.

पुढें डिस्का मोठ्या झाल्या आणि चार वाटे पुरेनात. तेव्हां १९८७ सालच्या डॉसच्या आवृत्तींत एक युक्ति करण्यांत आली. चार ओळींपैकीं एक ओळ ‘एक्सटेंडेड’, म्हणजे विस्तारित, वाट्याला द्यावयाची, आणि त्या वाट्याच्या पोटांत हवे तितके लहान वाटे पाडावयाचे. या पोटांतल्या वाट्यांना ‘लॉजिकल’ असें नांव पडलें, आणि उरलेल्या मूळच्या वाट्यांना ‘प्रायमरी’. पाहा, आपल्या महसुली भाषेंत यासाठीं किती नेमका शब्द आहे: हिस्सा आणि पोटहिस्सा. ‘प्रायमरी’ म्हणजे अधिक महत्त्वाचा असें नव्हे, पहिला असेंहि नव्हे. ज्याची नोंद मूळ वहींत आहे तो प्रायमरी. ‘लॉजिकल’ याचा तर्कशास्त्राशीं कांहीं संबंध नाहीं. ज्याची नोंद पोटवहींत आहे तो लॉजिकल. आणि ‘एक्सटेंडेड’ हा वाटा स्वतः कांहींच सांठवीत नाहीं. तो नुसता पोटहिश्श्यांचा कुंपणवजा घेर आहे. तो रिकामा दिसतो म्हणून पुसावयास जाऊं नये. त्याच्याबरोबर पोटांतले सगळे वाटे जातात. लिनक्स प्रणालींत या पोटहिश्श्यांचे क्रमांक नेहमीं पांचापासून सुरू होतात, मग मूळ वाटे दोनच कां असेनात. एक, दोन आणि एकदम पांच असा क्रम दिसला तर मधले दोन हरवले असें समजूं नये. ते चार क्रमांक मूळ वहींतल्या चार ओळींसाठीं राखून ठेवलेले असतात.

या जुन्या वहीला आणखी एक मर्यादा होती. कप्प्याचा क्रमांक लिहिण्यास तींत ३२ द्विमान अंकांचीच जागा असल्यामुळें, ५१२ बाइटांच्या कप्प्यांनीं मोजतां २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइटांपलीकडची, म्हणजे सुमारें दोन टेराबाइटांपलीकडची जागा तींत नोंदतांच येत नाहीं. म्हणून आतां नव्या संगणकांत ‘जी. पी. टी.’ नांवाची नवी वही वापरतात. तींत साधारणतः १२८ ओळी असतात, आणि तिची एक प्रत डिस्कच्या शेवटीं जपून ठेवलेली असते. या नव्या वहींत प्रायमरी आणि लॉजिकल हा भेदच उरलेला नाहीं; सगळे वाटे एकाच दर्जाचे. आणि तरीहि गंमत पाहा, विंडोज घालतांना जी यादी पडद्यावर येते तींत नव्या वहीच्या साध्या वाट्यापुढेंहि ‘प्रायमरी’ हाच शब्द लिहिलेला अनेकदां आढळतो. जुनी व्यवस्था गेली, शब्द मात्र मागें राहिला. कापसाच्या बाजाराचें ‘कॉटन ग्रीन’ हें नांव असेंच कोटांतल्या हिरवळीवरून कुलाब्यास, आणि कुलाब्याहून आपल्या शेजारीं येऊन राहिलें. येथें हिरवळ कोठें आहे असें आतां कोणी विचारीत नाहीं!

यापुढचे शब्द ‘डिस्क’, ‘ड्राइव्ह’ आणि ‘व्हॉल्यूम’. डिस्क म्हणजे हातांत धरतां येईल ती वस्तु. व्हॉल्यूम म्हणजे एकादी वाटणी फाइली ठेवण्यास योग्य करून, मांडणी लावून तयार केलेली जागा. नुसता वाटा पाडला म्हणजे मोकळा गाळा झाला. त्यांत फळ्या लावून प्रत्येक फळीला अनुक्रमणिका जोडली म्हणजे व्हॉल्यूम झाला. या फळ्या लावण्याच्या क्रियेलाच ‘फॉरमॅट’ म्हणतात. फॉरमॅटमध्यें जुनी अनुक्रमणिका टाकून कोरी घेतात, म्हणून जुना मजकूर दिसेनासा होतो. बहुतेक वेळां एक वाटा म्हणजे एक व्हॉल्यूम, आणि म्हणून दोन्ही शब्द एकमेकांऐवजीं वापरले जातात. परंतु कांहीं व्यवस्थांत दोन डिस्कांवर पसरलेला एकच व्हॉल्यूम असूं शकतो. आणि ॲपलच्या २०१७ पासूनच्या पद्धतींत एकाच वाट्यांत अनेक व्हॉल्यूम सामाईक जागा वापरून नांदतात. एकत्र कुटुंबांत खोल्या निराळ्या आणि कोठार एक, तसा तो प्रकार.

‘ड्राइव्ह’ या शब्दानें तर कहर केला आहे. मूळ अर्थानें ड्राइव्ह म्हणजे डिस्क फिरविणारें यंत्र. विंडोजमध्यें आपण ‘सी ड्राइव्ह’, ‘डी ड्राइव्ह’ म्हणतों तेव्हां मात्र आपल्या मनांत यंत्र नसून एक व्हॉल्यूम असतो. एकाच डिस्कवर सी आणि डी दोन्ही असूं शकतात. हीं अक्षरें सी पासूनच कां सुरू होतात? तर ए आणि बी हीं दोन अक्षरें जुन्या फ्लॉपी चकत्यांना दिलेलीं होतीं. चकत्या गेल्या; अक्षरें अजून त्यांच्यासाठीं मोकळीं ठेवलेलीं आहेत. याउलट, ‘विंडोज १०’ घालण्याच्या पडद्यावर ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन १’ अशी ओळ येते. येथें मात्र ड्राइव्ह म्हणजे सबंध डिस्क. आणि मोजणीची रीतहि एकाच ओळींत दोन प्रकारची: डिस्क शून्यापासून मोजावयाची, वाटा एकापासून! ज्याला हें ठाऊक नाहीं तो ‘ड्राइव्ह १’ म्हणजे पहिली डिस्क समजून दुसऱ्याच डिस्कला हात घालतो, आणि ती नेमकी छायाचित्रें ठेवण्यासाठीं जोडलेली बाहेरची डिस्क असते.

अक्षरांविषयीं आणखी एक सूचना येथेंच केली पाहिजे. सी किंवा डी हीं अक्षरें म्हणजे दारावरच्या पाट्या. त्या भिंतींत कोरलेल्या नसतात. नेहमींची विंडोज सुरू असतां जो सी असतो, तोच दुरुस्तीच्या किंवा प्रणाली घालण्याच्या पडद्यावरून पाहिल्यास डी होऊं शकतो. म्हणून ऐन वेळीं अक्षरावर विसंबूं नये.

आतां सर्वांत मोठ्या घोटाळ्याकडे येऊं: ‘सिस्टिम पार्टिशन’ आणि ‘बूट पार्टिशन’. बूट याचा पायताणाशीं संबंध आहे खरा. स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःलाच वर ओढणें, अशी एक इंग्रजी कल्पना आहे. निजलेलें यंत्र आपल्याच अंगच्या एका लहान आज्ञावलीनें स्वतःला जागें करतें, म्हणून त्या क्रियेला बूट होणें असें म्हणूं लागले. हें एवढें समजल्यावर कोणीहि शहाणा मनुष्य असें म्हणेल, कीं जेथें यंत्र जागें करणाऱ्या फाइली आहेत तो बूट पार्टिशन, आणि जेथें विंडोज ही प्रणाली, म्हणजे सिस्टिम, आहे तो सिस्टिम पार्टिशन. तर्क निर्दोष आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिकांतील व्याख्या नेमकी उलटी आहे. तेथें जागें करणाऱ्या फाइली ज्यांत असतात तो ‘सिस्टिम’, आणि प्रणालीच्या फाइली ज्यांत असतात तो ‘बूट’! ही परिभाषा विंडोज एन. टी.च्या काळापासून चालत आली आहे, आणि ती समजावून सांगण्यासाठीं कंपनीला निराळें टिपण प्रसिद्ध करावें लागलें.

आपल्या भागांतलें एक उदाहरण घेतों. गिरणींत भोंगा असे आणि मागांचें खातें असे. भोंगा झाला कीं कामगार आंत जात आणि काम मागांच्या खात्यांत चाले. भोंगा जेथें आहे त्या लहानशा जागेला ‘कामाची जागा’ आणि मागांच्या खात्याला ‘भोंग्याची जागा’ असें कोणी नांव दिलें असतें तर कसें झालें असतें? पहिल्या पाळीलाच गोंधळ उडाला असता. मायक्रोसॉफ्टच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल, कीं हीं नांवें यंत्राच्या दृष्टीनें ठेवलेलीं दिसतात. यंत्ररूपी सिस्टिम प्रथम ज्याच्याकडे पाहते तो सिस्टिम पार्टिशन. आणि जेथून प्रणाली बूट होऊन वर येते तो बूट पार्टिशन. ही फोड लक्षांत ठेवण्यास उपयोगी आहे. परंतु नांव वाचतांच अर्थ कळावा ही जी नांवाची पहिली कसोटी, तिला तें उतरत नाहीं.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ‘विंडोज ७’ ही प्रणाली २००९ सालीं आली, तेव्हां कोऱ्या डिस्कवर ती घालतांना आरंभीं १०० मेगाबाइटचा एक वाटा ‘सिस्टिम रिझर्व्हड’ या नांवानें ती स्वतःच पाडी. कोणी त्याला क्षुल्लक समजून पुसलें तर मजकूर सगळा शाबूत, पण यंत्र जागें होत नाहीं. याच्या उलट चूक अधिक महाग पडते. ‘सिस्टिम’ या नांवाचा वाटा राखला म्हणजे आपली प्रणाली आणि फाइली सुरक्षित राहिल्या, असें समजून जो दुसरा मोठा वाटा पुसतो, तो भोंगा राखून गिरणीच पाडतो. आपल्या घरीं विंडोज असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहावें. जेथें आपला सगळा संसार आहे त्या सी पुढें ‘बूट’ असें लिहिलेलें दिसेल. आणि आरंभींच्या लहान वाट्यापुढें ‘सिस्टिम’ हा शब्द दिसेल.

बरें, सगळ्या प्रणालींनीं हीच उलटी भाषा वापरली असती तरी एक वेळ चाललें असतें. पण लिनक्समध्यें ‘बूट’ या नांवाचा वेगळा वाटा केला, तर त्यांत खरोखरच जागें करण्याच्या फाइली असतात. जुन्या वहींत ज्या वाट्यापासून यंत्रानें सुरुवात करावी त्यावर एक खूण असते. तिला विंडोजचीं साधनें ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात, आणि लिनक्सचीं अनेक साधनें तिलाच ‘बूट’ची खूण म्हणतात. म्हणजे लिनक्सनें ज्यावर बूटची खूण दाखविली, तो मायक्रोसॉफ्टच्या भाषेंत सिस्टिम पार्टिशन! फ्रीबीएसडी या प्रणालीची रीत आणखी निराळी. इतर जग ज्याला पार्टिशन म्हणतें, त्याला तिच्या पुस्तिका ‘स्लाइस’, म्हणजे काप, म्हणत आल्या. आणि त्या कापाच्या आंत जे लहान भाग पाडतात त्यांना पार्टिशन. दोन प्रणाली एकाच यंत्रावर ठेवूं पाहणाऱ्यानें दोन पुस्तिका शेजारीं शेजारीं उघडल्या, तर शब्द तेच आणि वस्तु निराळ्या, असा अनुभव त्याला येतो.

यादींतली ओळ ओळखण्याचें जें एक भरंवशाचें साधन, म्हणजे आकार, त्यांतहि थोडी मेख आहे. बाजारांतून एक टेराबाइटची डिस्क आणावी, आणि विंडोजनें ती ९३१ गिगाबाइटची दाखवावी. दुकानदारानें फसविलें काय? नाहीं. विकणारा एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, आणि विंडोज धरते १,०७,३७,४१,८२४. एक लाख कोटीला या संख्येनें भागलें तर ९३१ येतात. माप दोन, नांव एक. कॉटन ग्रीनच्या कापूसबाजाराच्या शेजाऱ्यांना याचें नवल वाटूं नये. मुंबईंत खंडी म्हणजे २८ पौंडी मणाचे वीस मण, ५६० पौंड. पण कापसाची खंडी मात्र अठ्ठावीस मणांची, ७८४ पौंडांची. आणि बंगालचा मण तर एकटाच ८२ पौंडांहून अधिक. कापसाचा भाव अजूनहि त्याच खंडीवर, सुमारें ३५६ किलोवर, सांगतात. व्यापाऱ्यांनीं निदान कोणती खंडी हें बोलून घेण्याची शिस्त ठेवली. डिस्कच्या बाबतींत आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगानें १९९८ सालीं दुसऱ्या मापासाठीं ‘किबी, मेबी, गिबी’ अशीं वेगळीं नांवें ठरवून दिलीं. लिनक्सच्या अनेक साधनांनीं तीं घेतलीं. ॲपलनें २००९ सालीं दुकानदाराचें माप पत्करलें. विंडोज मात्र मोजते एका मापानें आणि लिहिते दुसऱ्याचें नांव.

आतां कोणी विचारील, कीं एवढा घोटाळा असतांना हे शब्द बदलत कां नाहींत? कारण उघड आहे. हे शब्द नुसते पुस्तकांत नाहींत. ते आज्ञावलींत आहेत, दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडीं आहेत, आणि चाळीस वर्षांच्या जुन्या लेखनांत आहेत. एक शब्द बदलला तर जुनें लेखन वाचणाऱ्याचा नवा घोटाळा होतो. परंतु पुस्तिका लिहिणाऱ्यांना एक गोष्ट करतां येण्याजोगी आहे. शब्द तोच ठेवून त्याच्यापुढें त्या वाट्याचें काम लिहावें: ‘यंत्र जागें करण्याच्या फाइली येथें आहेत’, ‘तुमच्या फाइली येथें आहेत’. मराठींत भाषांतर करणाऱ्यांवर तर ही जबाबदारी अधिक आहे. सिस्टिमला प्रणाली आणि बूटला आरंभ असा शब्दास शब्द बसविला, तर इंग्रजींतला उलटा अर्थ मराठींत जसाच्या तसा उलटा येईल, आणि शुद्ध भाषेंत लिहिलेला असल्यामुळें अधिकच खरा वाटेल. नांवाचें भाषांतर करण्यापूर्वीं वस्तु पाहिली पाहिजे.

तोंपर्यंत आपण घरच्या घरीं काय करावें? पहिली गोष्ट, वाटणीला हात लावण्यापूर्वीं महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, ती उघडते कीं नाहीं हें पाहावें, आणि मग ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाहीं ती चुकूनहि पुसली जात नाहीं. दुसरी गोष्ट, विंडोज व्यवस्थित चालू असतांनाच डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक वाट्याचा क्रम, आकार आणि आंत काय आहे तें कागदावर लिहून घ्यावें. व्हॉल्यूमला आपलें नांव देतां येतें. ‘घरचीं छायाचित्रें’ असें स्पष्ट नांव दिलेलें असलें, तर ऐन वेळीं तेंच उपयोगी पडतें. तिसरी गोष्ट, अलीकडच्या कित्येक यंत्रांत डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद केलेला असतो. त्याचा ४८ आंकडी क्रमांक आधीं शोधून लिहून ठेवावा, नाहींतर वाटा शाबूत असून दार उघडणार नाहीं. चौथी गोष्ट, ओळ निवडतांना नांव, अक्षर, क्रमांक आणि आकार यांपैकीं एकावर विसंबूं नये. कागदावरच्या टिपणाशीं निदान दोन खुणा जुळल्याखेरीज बटन दाबूं नये.

आणि एवढें करूनहि चूक झालीच, तर? तर त्या डिस्कवर आणखी कांहींहि लिहूं नये. प्रणाली पुन्हां घालून पाहूं नये, फॉरमॅट करूं नये. यंत्र बंद करावें आणि जाणत्या माणसाकडून दुसऱ्या यंत्रावर ती डिस्क तपासून घ्यावी. ‘टेस्टडिस्क’सारखीं मोफत साधनें पुसलेल्या वाट्याच्या सीमा शोधून नोंद पुन्हां लिहूं शकतात. मात्र हें प्रत्येक वेळीं साधेल असें नाहीं. हल्लींच्या न फिरणाऱ्या, एस. एस. डी. जातीच्या डिस्कमध्यें फॉरमॅट झाल्यावर मोकळे झालेले कप्पे यंत्र स्वतःच झाडून टाकतें, आणि मग परत मिळण्याची आशा फार थोडी राहते. म्हणून उपायापेक्षां प्रत घेणें श्रेयस्कर.

श्रोतेहो, घरची वाटणी करतांना आपलीं जुनीं माणसें घाई करीत नसत. कागद वाचून दाखवीत, चतुःसीमा बोलून घेत, आणि सर्वांना समजलें अशी खात्री झाल्यावरच सही करीत. डिस्कच्या वाटणीला पंच नसतात, साक्षीदार नसतात. पडद्यावरचें एक बटन तेवढें असतें. तेव्हां तें दाबण्यापूर्वीं शब्दाची चतुःसीमा आपली आपणच तपासून घेतली पाहिजे.